पलंगाकडे येणारी ओल

लुनेनबर्ग बंदराच्या धुक्यात आमचं मीठसुद्धा पाझरतं. पण अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या खोलीत, दाराजवळची जमिनीची मेपल लाकडाची फळी फुगली, तेव्हा मी कॉर्कम सुताराला बोलावलं.

ओल मोजायचं यंत्र त्याने आधी स्वतःच्या तळहाताला लावून पाहिलं, मग फळीला. चिंब! उचकटली, तर खाली ठणठणीत कोरडं.

"ताई, नळ नाही, गळती नाही. हिला काय घाम फुटतोय?"

त्याने नवी फळी बसवली. दुसऱ्या दिवशी पुढची भिजली. मग तिच्या पुढची. रोज एक, बाबांच्या दिशेने. मी पलंग पलीकडच्या भिंतीला लावला. ओलही वळली.

आज सगळ्या फळ्या कोरड्या.

"जिंकलो!" कॉर्कम म्हणाला.

बाबा जागा करत भिंतीकडे सरकले. पांघरुणाचं टोक उचलून, पलंगाशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत मायेने म्हणाले, "ये. किती भिजलास रे!"