तिसरा ठोसा

एवारिस्तोनं पोरीचा दंड धरला आणि तिला वाळूवरून सरळ पाण्याकडे ओढत नेलं. नीवेस आठ वर्षांची. तिच्या टाचांमागे वाळूत दोन चर पडत गेले. "बाबा, नको. बाबा, मी उद्या जाते," ती म्हणत होती. आवाज तिनं मुद्दाम बारीक ठेवला होता. मोठ्यानं रडलं की काय होतं ते तिला ठाऊक होतं.

"अल्बासेतेहून उन्हातान्हात गाडी हाणत आणलं, ते तुझी नाटकं बघायला?" एवारिस्तो म्हणाला. "आज पोहायला शिकायचं. नाहीतर बुडून मर."

त्याची बायको फुएन्सांता छत्रीखाली कलिंगड कापत होती. ती उठली, तशी सासूनं तिचं मनगट धरलं. कासिल्दा घडीच्या खुर्चीवर बसली होती, अंगात काळे कपडे. नवरा जाऊन वर्षं लोटली, तरी समुद्रावरसुद्धा काळंच.

"बस खाली," ती म्हणाली. "तू मध्ये पडलीस की पोरीला दुप्पट मिळेल. तुला काय हे नवं आहे?"

नवं नव्हतंच. सकाळीच, भाड्याच्या घरात, बटाट्याचं ऑम्लेट करपलं म्हणून त्यानं तिचं डोकं फडताळाच्या दारावर आपटलं होतं. कानामागचं टेंगूळ अजून ठणकत होतं. वर तिनं टोपी घातली होती.

कमरेएवढ्या पाण्यात एवारिस्तोनं पोरीची मान पकडली आणि तिला खाली दाबलं. वर काढलं. ती खोकली, ओकली. त्यानं पुन्हा दाबलं. शेजारच्या छत्रीखालचा एक माणूस उभा राहिला, त्यानं आपल्या बायकोकडे बघितलं आणि तो परत बसला.

फुएन्सांतानं मनगट सोडवून घेतलं.

ती पोचली तोवर एवारिस्तो आणखी आत सरकला होता. तिनं पोरीला त्याच्या हातातून हिसकलं. त्यानं उलट्या हातानं तिच्या तोंडात दिली. ओठ दातांवर फुटला. टोपी लाटेबरोबर गेली. तिनं पोर सोडली नाही. दुसरी ठेवून द्यायला म्हणून तो एक पाऊल मागे सरला, आणि त्याच्या पायाखालची वाळू संपली. तिथं पाण्याला आतली ओढ होती. बघता बघता तो लांब गेला.

फुएन्सांता आगिलासच्या कोळ्याची लेक. समुद्राची ओढ तिला दुरून कळायची. तिनं नीवेसला कोरड्या वाळूत ठेवलं आणि वळून पाहिलं. एवारिस्तो हातपाय मारत होता, पण सरळ काठाकडे, म्हणजे ओढीच्या उलट. आपण पट्टीचे पोहणारे आहोत असं तो चारचौघांत सांगायचा. त्याचं डोकं आता पाण्याखाली जाऊन वर येत होतं. जीवरक्षकांचं मचाण किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

ती थोडा वेळ उभी राहिली. तेवढ्यात तिच्या मनात काय येऊन गेलं, ते तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. मग ती पाण्यात शिरली.

हाताशी येताच तो तिच्या अंगावर चढला. दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती, गुडघे पोटात. दोघं खाली गेली. बुडणारा माणूस कुणाचा नसतो, तिचा बाप सांगायचा. आधी त्याला गप्प कर, मग ओढ. तिनं मूठ वळली आणि त्याच्या नाकावर हाणली. हाड मोडल्याचं बोटांना कळलं. पकड सुटली नाही. तिनं पुन्हा हाणली. हात सैल पडले आणि तो पाठीवर तरंगू लागला, निपचित. डोळे मात्र उघडे होते. ते तिच्याकडे बघत होते.

तिनं आणखी एक ठोसा त्या तोंडावर घातला. खांद्यापासून सगळा जोर लावून. मग त्याच्या हनुवटीखाली हात घालून, ओढीला बगल देत, तिनं त्याला तिरकं काठाला आणलं.

माणसं जमली. जीवरक्षक बाई धापा टाकत पोचली आणि तिनं त्याला कुशीवर केलं. आधी पाणी आलं, मग रक्त, मग एक दात.

"नाक कशानं फुटलं?" तिनं विचारलं.

"खडकावर आपटलो," एवारिस्तो म्हणाला. बायकोकडे बघायचं त्यानं टाळलं.

फुएन्सांताला हसू आलं आणि फुटलेला ओठ दुखला. जिना, न्हाणीघरातली ओली फरशी, दाराची कड. दवाखान्यात असली उत्तरं देण्यात तिची वर्षं गेली होती. त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"तिथं खडक नाही," ती म्हणाली. "मी मारलं."

"मग बरोबरच केलंत. गळ्यात पडला की मारावंच लागतं. नाहीतर तुम्ही दोघंही गेला असतात."

"दोन ठोसे त्यासाठी होते," फुएन्सांता म्हणाली. "तिसरा नव्हता."

जीवरक्षक बाईची नजर तिच्या ओठावरून कानामागच्या टेंगळाकडे गेली आणि तिथंच थांबली. एवारिस्तो कोपरावर उठू लागला.

"घरी चल," तो म्हणाला. आवाज नाकातून फाटका येत होता, शब्द रोजचेच होते. "घरी चल, मग बघतो तुला."

कासिल्दा मुलाच्या तोंडावरचं रक्त रुमालानं पुसत होती. तिचा हात थांबला. गुडघ्यावर भार देत ती उठली, छत्रीखाली गेली, मुलाच्या पँटच्या खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि आणून सुनेच्या मुठीत कोंबल्या.

"पोरीला घे आणि आगिलासला जा, बापाकडे. परत येऊ नकोस."

"आणि तुम्ही?"

"मी बसते याच्यापाशी. याचा बापही असाच होता," म्हातारी म्हणाली. "मला पोहता येत नव्हतं."