घरी बोलू

दुकानदार चिदंबरनं व्हिडिओ गेमचे तीन कंट्रोलर कार्तिकपुढे मांडले. भुवना त्याला खेटून उभी होती, पण तिच्यापुढे काही मांडावं असं चिदंबरला वाटलं नाही. बहीण भावाबरोबर बाजारात आलीय, एवढंच त्याला दिसत होतं.

भुवनानं मधे हात घालून काळा उचलला, डावीकडची दिशांच्या बटणांची फुली अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून पाहिली आणि खाली ठेवला.

"अण्णा, हा नको," ती भावाला मराठीत म्हणाली. "उजवीकडे दाबलं तर खालचंही लागतं. उडी चुकेल."

"हा नको," कार्तिक तमिळमध्ये चिदंबरला म्हणाला. "उजवीकडे दाबलं तर खालचंही लागतं. माझी उडी चुकेल."

'माझी' तेवढं त्यानं पदरचं घातलं होतं.

तंजावूरच्या मराठी घरांची ही जुनी सोय. दुकानात आपसांत मराठी बोलायचं, म्हणजे भाव ठरेपर्यंत दुकानदाराला मनातलं कळत नाही आणि घरचं उणंदुणं चव्हाट्यावर येत नाही. भुवनाची आई साडीवाल्याच्या तोंडावर त्याच्या साड्यांना याच भाषेत नावं ठेवायची. आज त्याच सोयीनं कार्तिक बहिणीची अक्कल आपली म्हणून खपवत होता, आणि तेही तिच्या देखत.

रविवारी याच दुकानात शर्यत होती. जो सगळ्यांत कमी वेळात गेम संपवेल, त्याला गेमची कंपनी मद्रासच्या मोठ्या शर्यतीला नेणार होती. कंट्रोलर ज्याचा त्यानं आणायचा. घरात सगळ्यांत वेगानं गेम संपवायची ती भुवना, आणि नाव गेलं होतं कार्तिकचं. पोरांच्यात दुकानातल्या बाकावर बसून मुलीनं खेळायचं नाही, असं अप्पांनी सांगून टाकलं. कार्तिकनं लगेच मान डोलावली. त्याचं काय जात होतं? त्याला सगळं आयतंच मिळत होतं.

चिदंबरनं दुसरा पुढे सरकवला. आतल्या तारा दिसणारा, पारदर्शक. "हा परदेशी माल. टर्बो. बटण एकदा दाबून धरलं की आपोआप धडाधड लागत राहतं."

कार्तिकचे डोळे चमकले. "हा घेऊ या?" त्यानं मराठीत विचारलं.

"तुज काही कळतं का? बटण जितका वेळ धरशील तितकी उडी उंच जाते. टर्बोनं गेममधल्या माणसाला नुसत्या उचक्या लागतील."

कार्तिकनं हेही चिदंबरला ऐकवलं, उचक्यांसकट. चिदंबर खळखळून हसला. "तंबी, इतकं बारीक बघणारं गिऱ्हाईक नाही रे पाहिलं." टीव्हीपुढच्या बाकावर दोन कॉलेजकुमार खेळत बसले होते. तेही खेळ थांबवून कार्तिककडे आदरानं बघायला लागले. भुवनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिसऱ्या टप्प्यात भिंतीतून पलीकडे जाता येतं म्हणे?" त्यांतल्या एकानं विचारलं. "खरं आहे का ते?"

"मीच शोधलं ते," कार्तिक म्हणाला.

त्या भिंतीपायी भुवनाच्या अंगठ्याची साल निघाली होती. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी ती त्या भिंतीला धडका देत बसली होती, आणि हा मागे पलंगावर लोळत 'तुज जमणार नाही' म्हणत होता.

"तू शोधलंस?" तिनं मराठीत विचारलं.

"घरी बोलू," चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून तो म्हणाला. बघणाऱ्याला वाटावं, किमतीचं बोलणं चाललंय.

घरी बोलू. शाळेच्या सहलीचं घरी बोलू, कॉलेजात कुठला विषय घ्यायचा त्याचं घरी बोलू. आणि घरी गेलं की बोलण्यासारखं काही उरलेलं नसे, ठरून गेलेलं असे.

तिसरा कंट्रोलर करडा होता, साधा, कोणी ढुंकून बघणार नाही असा. त्याची फुली दाबली की नेमकी तेवढीच बाजू लागत होती. तिच्या अंगठ्याला तो तिथल्या तिथे पटला. क्षणभर तिच्या मनात आलं, हाही नको, काळाच बरा होता म्हणून याला सांगावं, रविवारी चारचौघांत तोंडावर आपटेल. पण तो आपटला तरी ती घरीच बसलेली असणार होती. या विचारानं तिचं डोकं आणखीच फिरलं.

"हा," ती म्हणाली.

कार्तिकनं हात पुढे केला. तिनं कंट्रोलर सोडला नाही.

"तंबी, हाच लावून ती भिंत एकदा दाखव की," चिदंबर म्हणाला. "आम्हीही बघू."

कार्तिकचं हसू मावळलं. "भुवना, उशीर झाला म्हण," तो भराभर मराठीत पुटपुटला. "अम्मा वाट बघतेय म्हण. काहीतरी सांग."

इतका वेळ तिनं गप्प राहावं म्हणून धडपडणारा भाऊ आता तिला बोल म्हणत होता. मग ती बोलली. तमिळमध्ये, रस्त्यावरच्या ऑटोवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"याला ती भिंत जमत नाही. मी शोधली, मला जमते. हा मघापासून जे जे सांगतोय ते माझं आहे. रविवारी याचं नाव काढा आणि माझं घाला. भुवना."

चिदंबर आधी कार्तिककडे बघत राहिला, मग तिच्याकडे. ती आल्यापासून त्यानं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मराठीत बोल," कार्तिक दबक्या आवाजात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "भुवना, मराठीत बोल."

"कशाला?" हेही तिनं तमिळमध्येच विचारलं, आणि बाकावरच्या दोघांना सरकून बसायला सांगितलं.