सरकती गाठ

सन दोन हजार सातची गोष्ट. कोल्हापुरात दुर्बिणीतून यकृताची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टर संघप्रिया कुणाला भ्यायच्या नाहीत. त्या सकाळी टेबलावर गारगोटीच्या अंबूबाई होत्या. भूल चढण्याआधी त्या म्हणाल्या, "पोरी, पोटातलं ह्ये जागा बदलतंय बघ. पर तू सोडू नगंस."

पोटाच्या छिद्रातून सोनोग्राफीची बारीक नळी आत गेली. पडद्यावर यकृताच्या उजव्या कडेला गाठ दिसली. संघप्रियांनी कापायचं हत्यार जवळ नेलं, तशी ती डावीकडं सरकली.

"मॅडम, थांबूया," भूल देणाऱ्या डॉक्टर वर्षाराणी पुटपुटल्या.

"न्हाय."

संघप्रियांनी तिची पाठ धरली. पार कडेला कोंडली, तर गाठ दिसेनाशीच झाली. यकृत स्वच्छ होतं.

त्यांनी नळी बाहेर ओढली आणि तिचं टोक उजव्या मुठीत धरलं. नळी आता त्यांचा तळवा दाखवत होती, तोच पडद्यावर गाठ पुन्हा उमटली.

"मॅडम, सोडा ती नळी!" वर्षाराणी ओरडल्या.

संघप्रियांनी मूठ आणखी आवळली. "बाईला सोडलंस न्हवं? मग आता गाठ माझ्याशी हाय."

तळव्याच्या कातडीखाली काहीतरी हललं आणि मनगटाकडं निघालं.

"सुरी द्या," म्हणत त्यांनी डावा हात पुढं केला.