आपोआप

पांग्योतल्या एका गेम कंपनीत प्यो गी-उकनं रक्त आटवून एक जादूचं राज्य उभं केलं होतं. त्यातला वीर राक्षसांशी लढत, बर्फाचे डोंगर तुडवत आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधायचा.

संचालक नामगुंगसाहेबांनी किंबाप खाता खाता तो खेळ पाहिला.

"झकास आहे रे! पण एवढं लढायला लोकांना वेळ कुठंय? 'आपोआप' असं एक बटण टाक. दाबलं की वीर त्याचा तो लढेल."

"मग खेळणाऱ्यानं काय करायचं, साहेब?"

"बघत बसायचं!"

गी-उकनं जड मनानं बटण टाकलं आणि खेळ तुफान चालला. मग तक्रार आली की वीर आणि गावकरी फार बोलतात, म्हणून त्यांचं बोलणं गाळायचं बटण आलं. पुढे लोकांना नुसतं बघायचाही कंटाळा आला, तेव्हा फोन खिशात असतानाही वीर एकटाच लढू लागला. अखेर त्याला बहीण सापडली, पण ती भेट बघायला कुणीच नव्हतं.

गी-उक राजीनामा घेऊन साहेबांकडे गेला. "आता माझं इथं काय काम उरलंय?"

"वेडा आहेस का? अजून एक बटण हवंय. हे मात्र पैसे घेऊन विकायचं. बघ, लोकांच्या उड्या पडतील!"

आणि खरंच उड्या पडल्या.



नव्या बटणावर लिहिलं होतं, 'स्वतः खेळा'.