पाण्याचा थर

सकाळी दहा वाजता भाग्यश्रीचं गणित संपलं. कॉम्प्युटर एकोणीस दिवस ते सोडवत होता. आलेला आकडा बघून तिनं सगळी मांडणी पुन्हा तपासली. आत्ताच्या गणितात चूक नव्हती. चूक तीन वर्षांपूर्वी झाली होती.

पीएचडी करताना तिनं कथिल चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर कार्बन डायऑक्साइडचं काय होतं, ते कॉम्प्युटरवर मांडलं होतं. नुसता धातू आणि वायू. पाणी धरलंच नव्हतं. विजेच्या शंभर भागांपैकी नव्वद भाग धुरातल्या वायूचा कामाचा वायू करण्यात लागतील, असं उत्तर आलं होतं. आता पत्र्यावर पाण्याचा थर धरला, तर नव्वदचे बारा झाले. बाकीची वीज नुसतं पाणी फोडत बसणार होती.

त्या नव्वदच्या भरवशावर तिच्या साहेबानं, रणजीतनं, कंपनी काढून चाकणला ही शेड उभी केली होती. चौदा माणसं कामाला होती. हाच पत्रा पाण्यात बसवून त्यात वायू आणि वीज सोडायच्या छोट्या पेटीतल्या चाचण्या तीनदा फसल्या, तेव्हा सगळ्यांनी वायरींच्या जोडणीला दोष दिला, तिनंही दिला. आज दुपारी मोठी पेटी सुरू होणार होती. ती बघून शेजारच्या फाउंड्रीचे मालक करारावर सही करणार होते.

ती जिना उतरून खाली आली. रणजीत पेटीला झेंडूची माळ बांधून घेत होता. त्याला बाजूला घेऊन तिनं सगळं सांगितलं. तो रागावला नाही. त्यानं खुर्च्या मांडणाऱ्या पोरांकडे एकदा बघितलं.

"मग त्या गणितातनं पाणी काढून टाका, मॅडम."

"पेटीत पाणीच आहे, सर."

आजचा दिवस जाऊ दे, सोमवारी बसून बघू, असं तो म्हणाला आणि माळेकडे वळला.

तिनं वर जाऊन पर्स उचलली. कुणाला काही न सांगता रिक्षा पकडायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. ती गेटपाशी पोचली तेव्हा कंपनीची गाडी आत शिरत होती. गाडीतून तिचे वडील, भिवा, उतरले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. रणजीतनं तिला न सांगता सांगवीला त्यांच्या घरी गाडी पाठवली होती. भिवा हसले, म्हणाले, तुला कळू द्यायचं नाही असं साहेबांनी बजावलं होतं. मग ती त्यांच्याबरोबर आत गेली.

त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. भोसरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी तयार कास्टिंग तपासलं होतं. तडा गेलेल्या मालावर खडूनं फुली मारायची, हेच त्यांचं काम. पेटीकडे ते फार लक्ष देऊन बघत होते.

भाषणं झाली. फाउंड्रीच्या मालकांनी बसल्या जागेवरून विचारलं, आमच्या धुरासाठी ही पेटी चालवली तर शंभरातली किती वीज खरोखर कामी येईल?

"हे मॅडमच सांगतील," रणजीत म्हणाला आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला. धरताना त्यानं तिच्याकडे पाहिलं.



"बारा," ती म्हणाली.

 मग रणजीत मोठ्यानं हसला. आमच्या मॅडमना सगळं कमी करून सांगायची सवय आहे, असं तो माइकवरून म्हणाला. मालक हसले. पाठोपाठ सगळे हसले, टाळ्या पडल्या. कुणीतरी तिच्या हातात गुच्छ दिला.

टाळ्या संपायच्या आत भिवा उठून तिच्याजवळ आले.

"बारा म्हणजे बाराच ना, बाळ?"

"हो, पप्पा."

"मग परत सांग. मोठ्यानं."

तिनं गुच्छ त्यांच्याकडे दिला आणि माइकसाठी हात पुढं केला. तिची बोटं माइकवर पडली. रणजीत समोर बघून हसतच होता. त्यानं माइक सोडला नाही. तिनंही नाही.