आरशातला हात

कमरेतून पायात उतरणारी कळ गोळ्यांनी थांबली, पण हाताला कंप सुटला. वस्तरा चालवून पोट भरणाऱ्याला एवढंच बाकी होतं!

"होईल शरीराला सवय," डॉक्टर म्हणाले. त्यांचं काय जातंय म्हणायला?

सलून बंद ठेवून चालणार नव्हतं. मग एकदा लक्षात आलं, की माझा हात थरथरत असला तरी आरशातला थरथरत नाही. असं का, हे मी कुणाला विचारायला गेलो नाही. आरशातल्या हाताकडे बघूनच दाढ्या करू लागलो. कुणाला साधा ओरखडासुद्धा आला नाही.

आज सकाळी हात आपसूक स्थिर झाला. हायसं वाटलं. खुर्चीत माझे सख्खे काका होते, मान मागे टाकून, डोळे मिटून.

"आज हात हलका लागतोय रे तुझा," ते म्हणाले.

सवयीनं मी आरशात पाहिलं. तिथला हात थरथरत होता. तिथल्या फेसातून लाल ओघळ गळ्यावर उतरत होता.

मी झटकन वस्तरा उचलला. आरशातला उचलला गेला नाही.

"का रे, थांबलास का?" काकांनी डोळे मिटूनच विचारलं.

आरशातल्या काकांचे डोळे सताड उघडे होते.