रात्रीचं दूध

चंद्रावर जन्मलेली चिमी सलग झोपायचीच नाही. जरा डोळा लागला की दचकून उठायची. रडून रडून तिचा आवाज बसला होता. आईचं, हर्षालीचं, दूध आटलेलं, म्हणून तीही वसाहतीतल्या सगळ्यांसारखी टाक्यांत वाढवलेल्या नाचणीच्या पेशींच्या दुधावर होती.

हर्षाली त्याच टाक्यांवर कामाला होती. पेशी भराभर वाढाव्यात म्हणून तिथले दिवे कधीच मालवत नसत.

"बाई, या पेशींना मूळ नाही, पान नाही, तरी दिवसरात्र कळते," ती प्रमुख सोनकांबळेबाईंना म्हणाली. "अंधारात त्या झोप आणणारं द्रव्य बनवतात. आपण त्यांना अंधारच दिला नाही. लेकराच्या दुधात रात्रच नाही हो."

"आणि अंधारात वाढ मंदावली, दूध कमी पडलं, म्हणजे?"

"माझ्या वाटणीचं कापा."

"तुझ्या वाटणीवर मांजर जगायचं नाही. माझंही काप," म्हणत बाईंनी स्वतः एका टाकीवर काळं कापड ओढलं.

सततच्या उजेडात प्रत्येक पेशीचं आतलं दिवसरात्रीचं घड्याळ आपापलं चालू लागलं होतं. रोज ठरल्या वेळी कापड घालायचं, ठरल्या वेळी काढायचं, असं करता करता ती घड्याळं जुळली. तोवर दोघी अर्धपोटी राबल्या.

मग एकदा कापडाखालचं दूध पिऊन चिमी झोपली, ती झोपलीच. हर्षाली घाबरून तिच्या नाकाशी बोट धरून बसली. श्वास संथ चालला होता. लेकीचा चेहरा असा शांत तिनं कधी पाहिलाच नव्हता. हनुवटी पृथ्वीवर राहिलेल्या आपल्या आईसारखीच आहे, हे तिला आत्ता कळलं.